छातीपर्यंत न पोचणारा राग

साहेबराव अण्णा माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते औषध घ्यायला नव्हे, दम द्यायला.

मी मूळचा पाटोद्याचा. डी. फार्मसी करून घाटनांदूरला मेडिकल टाकलं आणि हौसेनं लांबून दिसेल असा बोर्ड लावला. त्या बोर्डामागं अण्णांच्या वाढदिवसाचा बॅनर आहे, इकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. बॅनरवर खाली कार्यकर्त्यांची टिकलीएवढी पन्नासेक तोंडं आणि मधोमध अण्णा, कानाला मोबाईल लावून. माझ्या बोर्डाचा कोपरा बरोबर अण्णांच्या नाकावर आला होता.

"ए मेडिकल, ह्यो बोर्ड तुपला का?"

"होय."

"आन त्येच्या मागचं नाक कुणाचंय बे?"

बोर्ड दिवस मावळायच्या आत सरकला. त्या दिवसापासून मला गावात नाव उरलं नाही. अण्णांनी शेवटपर्यंत मला 'मेडिकल' म्हणूनच हाक मारली आणि त्यांचं ऐकून बाकी बहुतेकांनीही.

अण्णा जवळच्याच एका गावचे. दोनदा सरपंच, एकदा पंचायत समिती, आणि आमदारकीचं तिकीट पाच वेळा 'जवळजवळ' मिळालेले. शिक्षण बेताचं, शेती बक्कळ, पण या माणसाचं खरं भांडवल म्हणजे राग. तो राग बघायला लोक बाजाराच्या दिवशी थांबायचे. आधी मानेची शीर फुगायची, मग मिशी थरथरायची, मग हात, आणि मग आवाज असा निघायचा की समोरच्या टपरीवरच्या कपबशा वाजायच्या. अण्णा चिडले की गावात विजेचा नवा डीपी बसायचा, रस्त्यावर मुरूम पडायचा, मास्तरची बदली थांबायची. एखाद्या कामात अण्णा शांतपणे बोलले तर ज्याचं काम होतं तोच घाबरायचा. "अण्णा, जरा चिडा की," असं हात जोडून म्हणणारी माणसं मी पाहिलीत.

असंच एका डीपीसाठी ते अंबाजोगाईला एका कचेरीत दोन जिने चढून भांडायला गेले आणि वरच्या पायरीवर छाती धरून बसले. छातीवर कुणीतरी जातं ठेवलंय असं वाटलं म्हणे. खाली बसल्यावर पाच मिनिटांत कमी झालं, म्हणून अण्णांनी त्याचं नाव गॅस ठेवलं आणि जिऱ्याच्या गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या वेळी मात्र सोजरकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, ऐकेनात. त्यांनी नवऱ्याला जीपमध्ये घातलं आणि अंबाजोगाईच्या हार्टच्या डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन बसवलं. या मॅडम वयानं अण्णांच्या मुलीएवढ्या, अंगानं काडीसारख्या, आवाज चढवायच्याच नाहीत. तरी अण्णा आयुष्यात कुणाला भ्यायले असतील तर त्यांनाच.

बीपी चढलेलं होतं आणि हृदयाला रक्त कमी पडत होतं. मॅडमनी जी चिठ्ठी दिली ती घेऊन अण्णा माझ्या काउंटरवर आले आणि मी काढून ठेवलेल्या गोळ्यांच्या एका पत्त्यावर बोट ठेवलं.

"ही कशाची हाय?"

"बीटा ब्लॉकर म्हणतात अण्णा. हृदयाची धाव कमी करते. ठोके हळू पडले की त्याला कष्ट कमी, रक्त कमी लागतं, छातीत दुखत नाही. बीपीही उतरतं."

"म्हंजे वेसण हाय म्हण की."

"तसंच समजा. पण दम्याचा त्रास आहे का? धाप लागते का कधी?"

"मला? मी भाषण करतो बे."

"शुगर?"

"न्हाई. मॅडमनं बी हेच इचारलं. तुमी सगळे एकाच मास्तरच्या हाताखालचे दिसायलात."

मी सांगितलं की सकाळी न्याहारीनंतर रोज एकाच वेळी घ्या, आणि मनानं कधीही बंद करू नका. एकदा नाही, तीनदा सांगितलं. अण्णांनी मान हलवली. राजकारणातल्या माणसाची मान किती सैल असते हे तेव्हा मला कळत नव्हतं.

मॅडमनी त्यांना मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला शिकवलं होतं. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट, आणि एका ठरावीक आकड्याच्या खाली गेली तर गोळी न घेता फोन करायचा. घरी मोजायची ही गोष्ट अण्णा मन मानेल तिथं मोजू लागले. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून रण माजलेलं असायचं आणि अण्णा डोळे मिटून, मनगट धरून, ओठ हलवत गप्प. लोकांना वाटायचं अण्णा खोल विचार करायलेत. सगळे हळूहळू गप्प व्हायचे. मिनिटभरानं अण्णा डोळे उघडून म्हणायचे, "चौसष्ट." चौसष्ट काय हे कुणालाच कळायचं नाही, पण विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा तर चौसष्ट नंबरच्या गटातून पाइपलाइन न्यायची, असा ठरावच झाला.

पण गोळी नीट अंगी लागायच्या आधी मधे एक लग्न आलं. परळीकडं भाचीचं लग्न, दोन दिवसांचा मुक्काम, गोळ्या घरी राहिल्या. तिसऱ्या दिवशी परत आल्यावर अण्णांनी राहिलेल्या दोन आणि आजची एक अशा तीन एकदम तोंडात टाकल्या. दुपारी बाजेवरून उठायला गेले आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन परत बाजेवरच पडले. मला फोन आला तो मात्र तक्रारीचा नव्हता.

"मेडिकल, चव्वेचाळीस! मपलं हार्ट आता नांगराच्या बैलावानी झालंय. घाईच न्हाई त्याला."

"अण्णा, आधी जीपमध्ये बसा. स्वतः चालवू नका. अंबाजोगाईला जा."

"कावून?"

"कारण बैल बसत चाललाय."

मॅडमनी दिवसभर छातीला तारा लावून ठेवलं. सुटताना मी न्यायला गेलो होतो, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसरी घ्यायची वेळ आली असेल तर सोडून द्यायची. दोन एकदम नाहीत, तीन तर नाहीतच. आणि दोन-तीन दिवस राहिली तर मला फोन करायचा, स्वतः डॉक्टर व्हायचं नाही." अण्णा हो मॅडम, हो मॅडम करत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "लई वाईट बाई हाय. शिवी बी देत न्हाई."

मग गोळी खरोखर अंगी लागली आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. छातीत दुखणं थांबलं, जिने चढता येऊ लागले, पण मिशी थरथरेना. विरोधी पार्टीचा दिगंबर भर चौकात अण्णांच्या बापाच्या नावानं काहीतरी बोलला. पूर्वी तिथं टपरी उलटली असती. अण्णांनी नुसतं बघितलं. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले, हात पुढं धरून त्याकडं बघत राहिले.

"हात बघ मपला. हालतोय का?"

"नाही."

"शिव्या सगळ्या आठवायल्यात. राग डोक्यात येतो रे, पण छातीपर्यंत पोचतच न्हाई. धडधड न्हाई, थरथर न्हाई. धडधड नसंल तर मान्साला सोताला बी खरं वाटत न्हाई की आपण चिडलोत."

मी समजावलं की राग गोळीनं जात नाही, अंगावर दिसणारी त्याची खूण तेवढी कमी होते. ते म्हणाले, "मंग राजकारणात रागाचं दुसरं काय आसतं?"

घरात मात्र सोजरकाकू सुखात होत्या. चाळीस वर्षं त्यांनी अण्णांचा राग भाकरीसारखा रोज गिळला होता. एकदा औषध न्यायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "भाऊ, ही गोळी लग्नातच द्यायची आसती, मुंडावळ्याबरूबर."

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. कार्यकर्त्यांनी अण्णांना घेराव घातला. अण्णा, तुम्ही असे थंड बोलायला लागले तर पॅनल पडलंच समजा. पहिल्या सभेत अण्णांनी मुद्देसूद, समजूतदार भाषण केलं आणि लोक मधेच उठून गेले. त्या रात्री अण्णांनी ठरवलं, आणि हे त्यांनी मला सांगितलं नाही.

आठेक दिवसांनी सकाळी काकू दुकानात आल्या. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं ते जाईपर्यंत थांबल्या.

"भाऊ, त्यांनी गोळी बंद केलीया."

"कशावरून?"

"काल ताट भिरकावलं."

"अहो, एखाद्या दिवशी..."

"सहा महिन्यात न्हाई भिरकावलं. मंग म्या वृंदावनामागं झाडाय गेले, तर तिथं आठ गोळ्या. रोज सकाळी माझ्यादेखत तोंडात टाकायचे आन तुळशीला नमस्कार कराय जायचे. मला वाटायचं, मान्सात भक्ती आलीया."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली. अण्णांचा फोन लागत नव्हता. त्यांच्या गावच्या पारापाशी कोपरा सभा चालू होती आणि आवाज लांबूनच ऐकू येत होता. जुने अण्णा परत आले होते. शीर फुगलेली, मिशी थरथरतेय, हात हवेत, दिगंबरच्या सात पिढ्या रांगेत उभ्या. लोक खूश. एक म्हातारा टाळ्या वाजवून सांगत होता, "आलं बघा, आलं! मला वाटलं मेलं का काय ह्ये."

मी गर्दीतून पुढं जाईपर्यंत अण्णांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. माईक खाली आला. डावा हात छातीवर गेला आणि चेहरा असा झाला की कुणी मागून हाक मारावी आणि आपण वळून बघावं. कपाळावर घाम. लोकांना वाटलं भाषणातला डाव आहे, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मी आणि दोघांनी त्यांना जीपमध्ये घातलं. मॅडमनी देऊन ठेवलेली जिभेखालची गोळी त्यांच्या खिशात होती. ती मात्र तुळशीला गेली नव्हती. बसल्या जागी त्यांना ती चघळू न देता जिभेखाली धरायला लावली. वाटेत अण्णा एकच बोलले, "सोजरला सांगू नगं." मी म्हणालो, "त्यांनीच पाठवलंय." त्यावर त्यांनी डोळे मिटले.

वाचले. थोडक्यात वाचले, असं मॅडम म्हणाल्या. आठवड्यानं अण्णा उठून बसल्यावर खुर्ची ओढून त्या समोर बसल्या.

"अण्णा, इतके महिने हृदयाला धरून ठेवलं होतं. एकदम सोडलं की ते पहिल्यापेक्षा जास्त उधळतं. गोळी नको होती तर मला सांगायचं. मी दुसरी दिली असती, किंवा आठवडे घेऊन थोडी थोडी कमी केली असती. तुम्ही तुळशीला का दिली?"

अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले, "मॅडम, इलेक्शन व्हतं."

"मग आता काय झालं इलेक्शनचं?"

झालं असं होतं की अण्णा आयसीयूत असल्याची बातमी गावभर झाली, बायाबापड्यांनी डोळे पुसत मतदान केलं आणि अण्णांचं पॅनल झाडून निवडून आलं. मी ही खबर दिली तेव्हा अण्णांनी आधी निवडून आलेल्या जागा बोटांवर मोजल्या. मग म्हणाले, "म्हंजे भाषणाची गरजच नव्हती? उगंच तीस वर्सं वरडलो."

धर्मांतर केलेला माणूस जास्त कडवा असतो. घरी आल्यावर अण्णा गोळीचे प्रचारक झाले. बीपी मोजायचं मशीन आणलं आणि दिसेल त्याचा दंड बांधायला लागले. आकडा जास्त आला की "मॅडमकडं जा" म्हणायचे, इथपर्यंत ठीक होतं. पण सढळ हाताची सवय जाते कुठं? पारावरचे उस्मानभाई टेलर अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, मतदानापुरते विरोधी. मुलीचं लग्न तोंडावर होतं, छाती धडधडते म्हणाले. अण्णांनी मशीन बांधलं, बीपी चढलेलं निघालं, आणि खिशातून आपल्याच पत्त्यातल्या दोन गोळ्या काढून दिल्या. "खा. मपल्यावर बघ कशी लागू पडलीया."

उस्मानभाईंना लहानपणापासून दमा. अण्णांना ते माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. पण हृदयाच्या गोळीचा छातीतल्या धापेशी काय संबंध, हे अण्णांच्या डोक्यात आलं नाही.

चारच्या सुमाराला अण्णांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "मेडिकल, उस्मान निळा पडायलाय. शीळ वाजायलीय त्येच्या छातीत."

मी श्वासाचा पंप घेऊन पोचलो. उस्मानभाई शिलाई मशीनवर दोन्ही हात टेकून वाकले होते, श्वास आत जाईना, बाहेर येईना. पंप दिला, फरक पडला पण थोडाच. त्याच जीपमधून अंबाजोगाई. अण्णा मागं उस्मानभाईंना छातीशी धरून बसले होते आणि सबंध रस्ताभर त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून ओठ हलवत होते. 

दवाखान्यात मॅडमनी विचारलं, "यांनी काय घेतलं होतं?"

बरोबर आलेली चार माणसं एकमेकांकडं बघत राहिली. उस्मानभाईंचा मुलगा म्हणाला, काहीच नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा पुढं आले. खिशातून पत्ता काढून टेबलावर ठेवला.

"म्या दिली. दोन. साडेअकराला."

ज्या माणसानं आयुष्यात वाकड्या बसलेल्या डीपीचासुद्धा दोष कधी स्वतःकडं घेतला नाही, त्यानं वेळेसकट सांगितलं. मॅडमनी पत्ता उचलला आणि आत गेल्या. नेमकं काय पोटात गेलंय हे कळल्यामुळं पुढचं सोपं झालं, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

अण्णा बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. मी चहा आणला, तो तसाच निवला. मग म्हणाले, "तू मला इचारलं व्हतंस. धाप लागते का म्हणून. म्या म्हणलो, मी भाषण करतो."

दुसऱ्या दिवशी उस्मानभाईंना बोलता येऊ लागलं. अण्णा दारातच उभे, आत जायची हिंमत होईना. उस्मानभाईंनी हातानं बोलावलं, मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "अण्णा, मारायचंच व्हतं तर इलेक्शनच्या आदी मारायचं. तवा मी तुमच्या इरोधात व्हतो. आता उगंच एक मत वाया गेलं आसतं."

अण्णा हसले. हसता हसता फेट्याच्या टोकानं डोळे पुसायला लागले, मग ते पुसणं थांबेना, आणि नर्सनं दोघांनाही दटावलं.

त्यानंतर अण्णांनी कुणाला गोळी दिली नाही. पण गोळीवर असलेल्या माणसाचा पिच्छा सोडणं त्यांना जमलं नाही. आमच्याकडं दसरा झाला की अर्धं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं. ट्रक लागतात, संसार भरला जातो आणि माणसं सहा महिने कारखान्यावर जातात. तिकडं फडात गोळी संपली की संपली. दुकान लांब, मुकादम सोडत नाही, आणि दुखत नसेल तर माणूस म्हणतो राहू दे. आदल्या साली राधा नावाची एक बाई अशीच गोळ्या संपल्यावर फडात मोळी उचलताना कोसळली होती. जगली, पण हंगाम गेला. ही गोष्ट अण्णांच्या कानावर आली आणि मनात राहिली.

अण्णा पुढं गेले ते एका उन्हाळ्यात, दुपारच्या जेवणानंतर, झोपेत. वय झालं होतं. मॅडम म्हणाल्या, हे मरण गोळीनं लांबवलेलं होतं, आणलेलं नाही. मी अंत्ययात्रेला होतो, पण तो चेहरा मला आठवत नाही. मला दिसतात ते त्याच्या आधीच्या दसऱ्यानंतरचे अण्णा.

सकाळची वेळ. घाटनांदूरच्या रस्त्यावर ओळीनं ट्रक लागलेले. त्यावर बाजा, पातेली, शेळ्या, कोयते, पोरं. अण्णा काठी टेकत एकेका ट्रकच्या फळक्यापाशी जात होते आणि मला फरफटत नेत होते.

"बीपीच्या गोळ्यावर कोण हाय? हात वर करा. लाजायलात काय, लग्न जमवायला न्हाई आलो."

एक हात वर आला. राधाचाच.

"गोळ्या घेतल्यास का?"

"घेतल्यात अण्णा. डॉक्टरांनी तीन म्हैन्याच्या दिल्या."

"आन पुढं तीन म्हैने काय ऊस खाणार? ह्या मेडिकलचा नंबर घे. संपायच्या आठ दिस आदी फोन कर. तिथल्या दवाखान्यात कुठं मिळंल ते ह्यो इचारून सांगंल. चिठ्ठी संगं ठेव. शुगर बी हाय ना तुला?"

"हाय."

"मंग ध्यानात धर. ह्या गोळीवर साखर उतरली तरी काळीज धडधडत न्हाई, कळत न्हाई. उगंच घाम फुटला की समजायचं. गूळ तोंडात टाकायचा आन बसायचं खाली. मुकादम वरडला तर वरडू दे."

"आन गोळी खाऊन लई थकवा वाटला तर?"

"तर डॉक्टरला सांगायचं. बंद न्हाई करायची. मनानं बंद केलीस तर म्या तिकडं येऊन तुला शिव्या घालीन, आन मला आता शिव्या घालायला लई दम लागतो."

ट्रकवरच्या बाया हसल्या. राधा म्हणाली, "अण्णा, तुमी खाल्ली का आजची?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी खिशातून पत्ता काढला, समोरच्या हॉटेलातनं मागवलेल्या वड्याचा तुकडा आधी तोंडात टाकला, मग गोळी, मग पाणी, आणि राधाला आऽऽ करून तोंड उघडून दाखवलं.

तो ट्रक सुटला. मागचा ट्रक ड्रायव्हरनं घाईघाईनं पुढं काढला. त्याला कारखान्यावर लवकर पोचायचं होतं आणि म्हाताऱ्याचं भाषण ऐकायचं नव्हतं. अण्णा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि काठी आडवी धरली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. अण्णा जागचे हलले नाहीत. धुराळ्यात त्यांचा फेटा तेवढा दिसत होता, आणि त्यातून आवाज आला:

"वाजव किती वाजवायचा तो. मला घाई न्हाई."